पिनॉकचे ब्रांडेनबर्ग: काही महिने ऐकल्यानंतर

हार्पसिकॉर्डवादक-संचालक ट्रेव्हर पिनॉक आणि जुन्या घडणीच्या वाद्यांवर वाजवणारा त्यांचा वाद्यवृंद इंग्लिश कॉन्सर्ट यांनी १९८२ साली ध्वनिमुद्रित केलेले, जर्मन रचनाकार बाखचे सहा ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्तो (काही वाद्यं पुढे येऊन बाकीच्या वृंदाशी खेळतात अशा वाद्यरचना) गेले कित्येक महिने माझ्याकडे जवळजवळ रोज वाजताहेत.

आधी लक्ष जातं ते द्रुत लयीकडे. संचालक कार्ल रिश्टरचं १९६७ चं ध्वनिमुद्रण ऐकलेल्यांना हा फरक फारच जाणवेल. तिथे आधुनिक वाद्यं, भरदार वादन आणि चालीत एक भारदस्तपणा आहे. पिनॉककडे वादक मोजके, तारा आतड्याच्या, स्वरावर कंप अगदी थोडा. स्वर उमटतो आणि लगेच पुढच्याला वाट देतो, म्हणून ही द्रुत लय पेलते. तिसऱ्या कॉन्चेर्तोचा शेवटचा अलेग्रो, म्हणजे द्रुत भाग, भन्नाट वेगात जातो, तरी तीन व्हायोलिन, तीन व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या सुराचे), तीन चेलो यांत कोण कुणाची तान उचलतंय हे कानाला कळत राहतं. या ध्वनिमुद्रणाची खरी ताकद मला हीच वाटते.

पेटी घेऊन सोबत वाजवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पाचवा डी मेजरमध्ये आहे, म्हणजे पांढरी दोन; पण पेटीवर तो काळी एकला जुळतो. वाद्यं ४१५ हर्ट्झच्या 'ए'ला लावलेली आहेत, आजच्या ४४० पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. आवाज उजळ असूनही टोचत नाही, त्यात या उतरलेल्या पट्टीचा मोठा वाटा असावा.

पाचव्याच्या पहिल्या भागात हार्पसिकॉर्डला (पियानोसारखी पट्टी असलेलं, पण तारा छेडून वाजणारं वाद्य) ६५ मात्राखंडांचा एकट्याचा विस्तार आहे. बाखने १७१९ मध्ये कोथनच्या दरबारासाठी बर्लिनहून नवं हार्पसिकॉर्ड आणलं होतं. तो विस्तार इथे स्वतः पिनॉक वाजवतो, आणि त्यातली घाई कुठेही धांदल होत नाही. लगेच पुढे बी मायनरमधला संथ भाग येतो: फक्त बासरी, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड. एवढ्या झगमगाटानंतरची ही हळवी, खाजगी बोलणी मला दर वेळी थांबवतात.

दुसऱ्या कॉन्चेर्तोत मात्र ट्रम्पेटपुढे रेकॉर्डर, म्हणजे उभी धरून वाजवायची लाकडी बासरी, बऱ्याचदा दबतो. इअरफोनवर तो थोडा सापडतो, छोट्या स्पीकरवर नाहीच.

सगळ्यात जास्त वेळा मी सहावा लावते. यात व्हायोलिन नाहीतच! दोन व्हिओला, दोन व्हिओला दा गाम्बा (पायांत धरून वाजवायचं जुनं तंतुवाद्य), चेलो, व्हायोलोन (सगळ्यात खालच्या सुराचं तंतुवाद्य) आणि हार्पसिकॉर्ड, त्यामुळे सगळा रंग मध्य आणि मंद्र सप्तकाचा. सुरुवातीलाच दुसरा व्हिओला पहिल्याच्या अगदी पाठोपाठ तीच ओळ म्हणतो. पिनॉकच्या लयीत हा पाठलाग घट्ट राहतो, पण श्वास कोंडत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं, मंद्र स्वर नीट देणारे हेडफोन हवेतच.

आणि शफल बंद ठेवा. सहाव्याचा संथ भाग ई फ्लॅटमध्ये सुरू होऊन शेवटी डीच्या स्वरसंवादावर (कॉर्डवर) लटकतो, आणि तिथून शेवटचा अलेग्रो बी फ्लॅटमध्ये उघडतो. तिसऱ्याच्या मधल्या भागासाठीही बाखने दोनच स्वरसंवाद लिहिलेत, तेही असेच अधांतरी. त्यापुढे दुसराच कॉन्चेर्तो लागला तर त्या अधांतरीपणाला काही अर्थ उरत नाही.