मदर ३: जपानी कॅसेट की फोनवर इंग्रजी पॅच?

निन्टेन्डोचा ‘मदर ३’ हा व्हिडिओ गेम खेळायचं ठरवलंत की पहिला प्रश्न येतो तो कसा खेळायचा याचा. एक रस्ता म्हणजे २००६ ची मूळ जपानी कॅसेट (दुकानदार कार्ट्रिज म्हणतील, आपण लहानपणापासून कॅसेटच म्हणत आलो) आणि ती चालवणारं जुनं यंत्र. दुसरा, चाहत्यांनी केलेला इंग्रजी पॅच (खेळातला जपानी मजकूर इंग्रजी करणारी जोडफाइल) लावून फोनवरच्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपमध्ये, खेळणं. मी आधी फोनवर अर्ध्याच्या पुढे गेलो, मग तो सोडून कॅसेटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो. जपानी मला बेताचंच येतं. हिरागाना आणि कातकाना या दोन्ही काना लिप्या वाचता येतात आणि साधं वाक्य शब्दकोश घेऊन लागतं, एवढंच.

हा खेळ जपानबाहेर का आला नाही, यावर पुष्कळ तर्क आहेत. एप्रिल २००६ मध्ये तो गेम बॉय अ‍ॅडव्हान्स (जीबीए) या हातात धरायच्या यंत्रावर आला, तेव्हा निन्टेन्डोचं पुढचं यंत्र डीएस बाजारात येऊन वर्ष उलटून गेलं होतं. मालिकेतला आधीचा भाग १९९५ मध्ये ‘अर्थबाउंड’ या नावाने अमेरिकेत गेला होता, पण तिथे तो फारसा चालला नव्हता. पुढे २००८ च्या ‘स्मॅश ब्रदर्स’ या निन्टेन्डोच्या मारामारीच्या खेळामुळे ‘मदर ३’चा नायक लुकस जगभर ओळखीचा झाला, त्याची गोष्ट मात्र जपानमध्येच राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राच्या ऑनलाइन सेवेत खेळ आला, तोही फक्त जपानी आणि फक्त जपानसाठी.

इंग्रजी पॅचबद्दल मला आदरच आहे. क्लाइड मँडेलिन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो ऑक्टोबर २००८ मध्ये पुरा केला. पॅचमध्ये मूळ खेळ नसतो, फक्त बदललेला भाग असतो. आपल्याकडच्या कॅसेटमधून काढलेल्या प्रतीवर तो चढवायचा. हे भाषांतर निन्टेन्डोला विनामूल्य द्यायचीही मँडेलिन यांची तयारी होती. वाचताना कुठेही हौशी काम वाटत नाही. विनोद विनोदासारखे येतात आणि पहिल्याच प्रकरणातला तो नदीकाठचा प्रसंग इंग्रजीतही गळा दाटून आणतो. गोष्ट समजून घेणं एवढाच हेतू असेल, तर पॅच पुरेसा आहे.

माझं गाडं अडलं ते लढाईत. खेळलेल्यांना ठाऊक असेल, इथे फटका मारल्यावर पार्श्वसंगीताच्या ठेक्यावर बटण दाबत राहायचं असतं. ठेका सापडला तर एकाच फटक्याचे सोळापर्यंत फटके होतात. शत्रूगणिक चाल बदलते आणि काहींचा ठेका मुद्दाम वेडावाकडा असतो. शत्रू झोपला असेल तर त्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि ठेका तिथे उघडा पडतो. शोगो साकाई यांचं संगीत असं थेट हातात आलेलं मी दुसऱ्या कुठल्या खेळात अनुभवलेलं नाही.

फोनवर हे जमेना. भजनात एखाद्याचा टाळ मात्राभर मागे पडावा, तसं व्हायचं. कानाला सम कळते, बोट समेवर पडतं आणि खेळ म्हणतो चुकलं. सुरुवातीला मला वाटलं, माझाच कान कच्चा आहे. ब्लूटूथ काढून वायरचे इअरफोन लावले, थोडा फरक पडला. इम्युलेटरमधलं आवाजाच्या विलंबाचं सेटिंग कमी केलं, तर आवाज तुटायला लागला. शेवटी मी कान सोडून अंदाजाने, ठेक्याच्या किंचित आधी बटण दाबायला शिकलो आणि पाच-सहा फटक्यांपर्यंत पोचलोही. पण मग ते संगीत ऐकणं राहिलं नाही, नुसता हिशोब उरला. काचेवर बोटाला बटण लागत नाही, हा त्रास वेगळाच. मी घड्याळ लावून काही मोजलेलं नाही, तुमचा फोन माझ्यापेक्षा चपळ असू शकेल. माझ्यापुरता निकाल मात्र तिथेच लागला.

नागोयात नोकरीला असलेल्या मावसभावाने तिथल्या जुन्या खेळांच्या दुकानातून कॅसेट आणि डीएस लाइट आणून दिला. पहिल्याच संध्याकाळी बारा फटके बसले. फोनवर महिनाभरात आठच्या पुढे गेलो नव्हतो.

यंत्र डीएस लाइटच घ्या, असं मी सुचवेन. त्याच्या खालच्या बाजूला जीबीएच्या कॅसेटची खाच आहे, पुढच्या डीएसआयमध्ये ती काढून टाकली. जीबीएचाच घडीचा प्रकार, एसपी, दिसायला देखणा आहे, पण त्याला इअरफोनची साधी जागा नाही, वेगळा जोड लागतो. या खेळात इअरफोन हवेतच. जीबीएच्या कॅसेटला देशाचं बंधन नाही, त्यामुळे यंत्र कुठलंही चालतं. नकली कॅसेटपासून मात्र सांभाळा. नवी कोरी आणि फारच स्वस्त दिसली तर घेऊ नका.

आता भाषेचं. मी घाबरलो होतो तेवढी ती अवघड गेली नाही. या खेळात कांजी (चिनीतून आलेली अर्थाक्षरं) नाहीत, सगळा मजकूर काना लिप्यांत आहे. म्हणजे वाचता सगळं येतं, कळतं मात्र निम्मं. उलट कांजी नसल्यामुळे काही जागी जास्तच अडायला होतं, कारण ‘हाशी’ म्हणजे पूल की खायच्या काड्या हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. पहिल्या प्रकरणाला मला तीन आठवडे लागले. पण वाक्याची ठेवण आपल्यासारखी, क्रियापद शेवटी आणि नामाला चिकटलेले प्रत्यय, त्यामुळे मराठी डोक्याला ते इंग्रजीपेक्षा सरळ जातं. शिवाय जपानी बोलण्यात ‘दोकीदोकी’, ‘किराकिरा’ असे नादशब्द पावलोपावली येतात. इंग्रजीला तिथे वळसा घालावा लागतो, आपल्याकडे धडधड आणि लखलख तयारच आहेत.

नावांचंही तसंच. लुकसच्या वडिलांचं नाव फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड. आईचं नाव हिनावा, आणि हिनावा म्हणजे तोड्याच्या बंदुकीचा तो पेटता तोडा. ठिणगी आणि वात. इंग्रजीत फ्लिंटचा अर्थ आपोआप कळतो, हिनावा नुसतं नाव होऊन बसतं. हे लक्षात आलं त्या रात्री मी पुढे खेळलो नाही, पहिलं प्रकरणच पुन्हा काढून वाचलं.

जपानी अजिबात येत नसेल आणि शिकायचंही नसेल, तर एक मधला मार्ग आहे. पॅच लावलेली प्रत फ्लॅश कार्ट्रिजमध्ये (आपली प्रत भरता येणाऱ्या कोऱ्या कॅसेटमध्ये) घालून खऱ्या यंत्रावर खेळायची. ठेका शाबूत राहतो आणि भाषाही कळते. अशांना मी फोनपेक्षा हेच सांगेन. स्विचवर जपानी खातं उघडण्याचा पर्यायही आहे, पण त्यासाठी वर्गणी भरत राहावी लागते आणि मजकूर शेवटी जपानीच.

२००६ च्याच ऑगस्टमध्ये जीबीएवर आलेला ‘रिदम तेंगोकू’ही जपानबाहेर गेला नाही, आणि त्यात तर वाचायचं फारसं नाहीच, सगळा ठेका. डीएस लाइट घेतलात तर त्याच खाचेत तोही चालेल. फोनवर मी तो दहा मिनिटांत बंद केला होता.

कॅसेट सुरू केलीत की खेळ सगळ्यांची नावं विचारतो, मग तुमचं आवडतं खाणं. मी कातकानात दोन अक्षरं लिहिली, ‘पो’ आणि ‘हे’. थोड्या वेळाने हिनावाने मुलांसाठी तेच केलं होतं.