लढायांचा गेम, काही महिन्यांनंतर: सगळं आहे, नशीब सोडून

या गेमच्या नव्या अपडेटनंतर वॉटर्लूच्या लढाईतला चिखल गायब झाला, म्हणून हे लिहायला बसलो. ग्राफिक्स, नकाशे, एआय यांवर भरपूर लिहून झालंय. ते सगळं झकास आहे, पुढे चला.

माझं भांडण 'नशीब' या सेटिंगशी आहे. शून्य ते शंभर सरकवायचं, की गेम मनाला येईल तेव्हा फासे टाकून कुणाचं तरी भलं करतो. दुसऱ्या महायुद्धातली मिडवेची अमेरिका-जपान लढाईच बघा. ४ जून १९४२. जपानी 'टोने' क्रूझरचं टेहळणी विमान अर्धा तास उशिरा उडालेलं. तिकडे अमेरिकेच्या मॅक्लस्कीच्या विमानांचं इंधन संपत आलेलं आणि खाली समुद्र रिकामा. तेवढ्यात 'अराशी' ही विनाशिका एकटीच सुसाट जाताना दिसली. अमेरिकन पाणबुडीच्या मागे लागण्यात ती ताफ्यापासून तुटली होती. मॅक्लस्कीने तिचा रोख धरला तो थेट जपानी अ‍ॅडमिरल नागुमोच्या ताफ्यावर पोचला, आणि काही मिनिटांत तीन विमानवाहू नौका पेटल्या. गेममध्ये काय दिसतं? 'शत्रू सापडला, नशीब +२०'. अराशी नाहीच! जपानकडून खेळताना पाणबुडीचा पाठलाग करायचा की नाही, हे मला ठरवता येत नसेल तर पैसे कशाचे घेता?

सुरुवातीला म्हटलं, चालायचंच, गेम आहे. मग मेनूच्या तळाशी 'हुकूम उशिरा पोचणे' हा पर्याय सापडला (मॅन्युअलमध्ये अर्थातच उल्लेख नाही) आणि मत फिरलं. अमेरिकन यादवी युद्धातल्या अँटिएटमच्या मोहिमेत दक्षिणेचा सेनापती ली याचा हुकूमनामा उत्तरेच्या सैनिकांना तीन सिगारींभोवती गुंडाळलेला सापडतो, १३ सप्टेंबर १८६२ ला सापडला तसाच. पण तुम्ही उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन असलात तर तुमचेच हुकूम इतके रेंगाळतात की १७ तारखेपर्यंत लीने विखुरलेली फौज बरीचशी गोळा केलेली असते. घबाड हातात आणि पाय जागच्या जागी! हे ज्याने बनवलं त्याला सलाम.

तोच पर्याय वॉटर्लूला कमाल करायचा. रात्रीच्या पावसात तोफा रुतायच्या, हल्ला लांबायचा, तेवढ्यात प्रशियन येऊन टपकायचे. आता नेपोलियन न्याहारीआधीच जिंकतो. तक्रार केली तर उत्तर आलं, 'गेम काढून पुन्हा टाका'. टाकला. सेव्ह केलेल्या मोहिमा गेल्या, चिखल काही आला नाही. दुसऱ्या मेलला उत्तर: 'नशीब वाढवून बघा'.

ऑटो-रिन्यू बंद केलंय. मुदत संपेपर्यंत अँटिएटम खेळून पैसे वसूल करणार. तीन स्टार. चिखल परत आला तर साडेतीन.