बिनानावाची इग्निशन कॉइल: पाचपैकी दीड तारा

नागपुरात जुन्या पेट्रोल गाडीची इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग, मागितली की काउंटरवर साधारण तीन प्रकारचे डबे येतात. एक गाडीच्या कंपनीचा, दुसरा डेन्सो किंवा बॉशसारख्या पुरवठादाराचा, आणि तिसरा पांढऱ्या खोक्यातला, ‘सेम टू सेम आहे, घेऊन जा’ म्हणत पुढे सरकवलेला. हे परीक्षण त्या तिसऱ्याचं, आणि ते प्लगवर थेट बसणाऱ्या पेन्सिल कॉइलपुरतं.

आधी हातात घेऊन पाहा. कनेक्टरचं लॉक ‘टक्’ करून बसत नाही, किंचित हललं तरी सैल होतं. वरच्या रेझिनमध्ये टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. प्लगवर बसणारा रबर बूट उलटा केला की आतली स्प्रिंग तिरपी बसलेली असते. ती प्लगच्या टोकाला नीट टेकली नाही तर तिथेच वेगळी ठिणगी पडत राहते आणि स्प्रिंगचं टोक काळं पडतं. हे तिन्ही दोष दुकानातच दिसतात, त्यामुळे खोकं उघडून पाहू न देणाऱ्याकडून घेऊच नका.

चालवताना सुरुवातीला तक्रार नसते. सकाळी गाडी गुपचूप सुरू होते, आयडलिंग छान. खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत. बाहेर 45 अंश, आणि कॉइल बसलेली असते इंजिन हेडच्या विहिरीत, म्हणजे प्लगच्या खोल भोकात, तेही 90 अंशांच्या आसपास तापलेल्या. गाडी बंद केल्यावर कूलंट फिरत नाही, वारा नसतो, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच जाते. तांबं आणि रेझिन सारखं प्रसरण पावत नाहीत. आत ओतलेलं रेझिन कच्चं असेल तर सूक्ष्म तडे जातात, वेढे आपसात शॉर्ट होतात आणि गाडी गरम असतानाच मिसिंग मारते, म्हणजे ठिणगी चुकून झटके देते. थंड झाली की पुन्हा शहाणी. मिस्त्रीकडे नेईपर्यंत दोष गायब होतो तो यामुळेच.

मात्र प्रत्येक उडालेल्या कॉइलचं खापर खोक्यावर फोडता येत नाही. चांगली कंपनीची कॉइलही वारंवार जात असेल तर आधी एवढं पाहा: दरवेळी त्याच सिलिंडरची जाते, की आलटून पालटून? त्याच सिलिंडरची जात असेल तर दोष बहुधा त्या विहिरीत आहे. वेगवेगळ्या जात असतील तर चार्जिंग, अर्थिंग किंवा मालाच्या दर्जात.

गाडीला जोडायच्या स्कॅनरवर पी0302, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड, आला तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल चौथ्यावर लावून गाडी गरम करा. कोड पी0304 झाला तर कॉइल गेली. जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग, कम्प्रेशन बघा. अशा वेळी नवी कॉइल घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

विहिरीत ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि प्लग ट्यूबचे सील बदला. ऑइलने बूट फुगतं, मऊ पडतं आणि करंट बाजूने हेडकडे पळतो. पाणी असेल तर बहुतेक वॉशिंग सेंटरवाल्याच्या प्रेशर गनची कृपा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर प्लग आणि बूट दोन्ही फेका. एकच बदललं तर जुन्यावरची रेघ नव्यालाही जाळते. प्लगच्या टोकांमधली गॅप फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजा. कंपनीचं माप 1.1 मिमी आणि झिजून 1.4 झालं असेल तर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तो ताण कॉइलच सोसते. सीएनजी किट असेल तर मुळातच जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अनेक जण गॅप 0.1 ते 0.2 मिमी कमी ठेवतात. प्लग रेझिस्टर प्रकारचाच घ्या. जुन्या होंडा सिटी आय-डीएसआय गाडीत चार सिलिंडरला आठ प्लग, तिथे हा सगळा खटाटोप दुप्पट!

चार्जिंग आणि अर्थिंगसाठी मल्टिमीटर काढा, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट बघा. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला. इंजिन ब्लॉक ते बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी काढून घासा. दोन पिनांच्या कॉइलच्या प्रायमरी वेढ्यांचा रेझिस्टन्स मोजताना प्रोबचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करा, आणि भर दुपारी मोजू नका. 20 अंशांऐवजी 45 अंशांना तांब्याचा रेझिस्टन्स सुमारे 10 टक्के जास्त येतो. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये आत इग्नायटर (करंट चालू-बंद करणारं सर्किट) असतो, तिथे ओहममीटरवर भरवसा ठेवू नका.

दीड तारा दिला तो एवढ्यासाठी की रस्त्यात अडकल्यावर ही कॉइल घरी पोचवते. डिकीत राखीव म्हणून ठेवायला हरकत नाही. बसवताना बुटात डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस अगदी नखभर लावा, आणि बिल घ्यायला विसरू नका. पांढऱ्या खोक्यावर वॉरंटीचा शिक्का नसतोच.