अ‍ॅक्रेडिटेड गुंतवणूकदार कोण? सेबीची कसोटी आणि अमेरिकेची कसोटी

खासगी स्वरूपाच्या, अधिक जोखमीच्या गुंतवणुकीत तोटा सोसण्याची ऐपत कोणाची, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत एसईसी या रोखे बाजार नियामकाने आणि भारतात २०२१ पासून सेबीने अ‍ॅक्रेडिटेड गुंतवणूकदाराचे निकष घातले आहेत. उत्पन्न किंवा संपत्ती यांपैकी एक निकष पूर्ण झाला तरी पुरते. उत्पन्नाची अट दोन्हीकडे सरळ आहे. अमेरिकेत मागील दोन्ही वर्षी एकट्याचे उत्पन्न २ लाख डॉलरहून किंवा जोडीदारासह ३ लाख डॉलरहून अधिक असावे लागते आणि चालू वर्षीही तेवढ्याची वाजवी अपेक्षा असावी लागते. सेबीला वर्षाकाठी किमान २ कोटी रुपये अपेक्षित आहेत.

खरा फरक संपत्तीच्या मोजणीत आहे. अमेरिकेत निव्वळ संपत्ती (मालमत्ता वजा कर्ज) १० लाख डॉलरहून अधिक हवी, पण २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यापासून राहते घर त्यात धरत नाहीत. त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे तिथले घर हिशेबाबाहेर राहते, मात्र त्यांच्या मालकीचा पुण्यातला फ्लॅट मोजला जातो. सेबीला ७.५ कोटींची निव्वळ संपत्ती हवी आणि त्यातील किमान ३.७५ कोटी शेअर, म्युच्युअल फंड, ठेवी अशा आर्थिक स्वरूपात असावे लागतात. १ कोटी उत्पन्न आणि ५ कोटी संपत्ती असा एकत्रित मार्गही आहे, ज्यात २.५ कोटी आर्थिक स्वरूपात लागतात. म्हणजे हिंजवडीत १० कोटींची जमीन आणि बँकेत ५० लाख असलेला माणूस संपत्तीच्या निकषावर अपात्र ठरतो. मला हा नियम योग्य वाटतो, कारण अडचणीच्या वेळी जमीन लवकर विकली जात नाही.

अमेरिकेत २०२० पासून सिरीज ७, ६५ किंवा ८२ या रोखे व्यवसायातील परवान्यांपैकी एखादा वैध परवाना असलेली व्यक्तीही पात्र ठरते. सेबीच्या चौकटीत व्यक्तीची पात्रता उत्पन्न आणि संपत्तीवरच ठरते.

अमेरिकेत सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही. पात्रतेची खातरजमा करण्याची जबाबदारी रोखे विकणाऱ्यावर असते आणि जाहिरात करून विकणाऱ्याला ती अधिक काटेकोरपणे करावी लागते. भारतात मान्यताप्राप्त संस्थेकडून ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

भारतात ते घ्यावे का, हे रकमेवर अवलंबून आहे. पर्यायी गुंतवणूक निधीत (मोठ्या गुंतवणूकदारांकडून खासगीरीत्या पैसे उभारणाऱ्या निधीत) साधारणपणे किमान १ कोटी आणि पीएमएसमध्ये, म्हणजे वैयक्तिक पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवेत, ५० लाख गुंतवावे लागतात. प्रमाणपत्रधारकाला ही किमान मर्यादा लागू नाही. १ कोटी एकाच निधीत घालण्याचे ठरलेच असेल, तर केवळ या सवलतीसाठी प्रमाणपत्राची गरज नाही. तीच रक्कम चार निधींत विभागायची असेल तर ते जरूर घ्यावे, मात्र अर्ज करण्यापूर्वी त्या निधींचे व्यवस्थापक २५ लाख स्वीकारतात का, हे विचारून घ्यावे.