स्टिकर पाच केव्हीएचं, यंत्र तीनचं

भोरच्या पुढे, नीरा-देवघर धरणाच्या बॅकवॉटरला आमचं छोटं घर आहे. तिथवर महावितरणचे खांब आलेले नाहीत, म्हणून सौर पॅनेल, दीडशे एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे साठवण) दोन बॅटऱ्या आणि पावसाळ्यासाठी अडीच केव्हीएचा (किलोव्होल्ट-अँपिअर, म्हणजे यंत्राची क्षमता) पेट्रोल जनरेटर. पुण्यातल्या एका दुकानदाराने चार्जरसकटचा इन्व्हर्टर दिला. 5 केव्हीए, प्युअर साइन वेव्ह (म्हणजे खांबावरच्या विजेसारखी स्वच्छ वीज), 'जनरेटरला डोळे झाकून लावा.' बिलाऐवजी शिक्का मारलेलं कोटेशन, मॅन्युअल 'नंतर पाठवतो'. ते कधीच आलं नाही. का, ते पुढे कळलं.

एक एचपीचा पंप सुरू केला की ओव्हरलोडचा दिवा. आषाढात पॅनेल नावापुरती उरली तेव्हा जनरेटर लावला, तर चार्जर त्याची वीज क्षणभर घेई आणि सोडून देई. घेतलंच तर जनरेटर गुदमरून बंद. दुकानदाराचं उत्तर तयार होतं: 'साहेब, तुमच्या जनरेटरचं व्होल्टेज नाचतंय, स्टॅबिलायझर घ्या.' तोही त्यानेच विकला. फरक शून्य.

भोरच्या वायरमनने मागचं चकचकीत स्टिकर नखाने उकललं. खाली मूळ नेमप्लेट: 3 केव्हीए, 2400 वॅट, 24 व्होल्ट. तो म्हणाला, "दादा, पाचचा बहुतेक अठ्ठेचाळीस व्होल्टवर येतो. त्याचे 4000 वॅट चोवीसवर ओढायचे म्हणजे बॅटरीतून 165 अँपिअरच्या वर. ही वायर पेलेल का?" मग त्याने सेटिंग उघडलं. चार्जिंग करंट 60 अँपिअरवर होता, म्हणजे बॅटरीकडेच जवळपास 1700 वॅट, वर चार्जरचा स्वतःचा तोटा. आणि जनरेटरवरचे अडीच केव्हीए हे कमाल, सतत चालवायचे नव्हेत. दीडशे एएचच्या बॅटरीलाही 60 झेपत नाही. त्याने 20 केलं आणि इनपुट यूपीएस मोडवरून अप्लायन्सवर टाकलं, म्हणजे जनरेटरची वीज 170 ऐवजी 90 व्होल्टपासून चालेल. जनरेटर निमूट चालू लागला. स्टॅबिलायझर काढून ठेवला.

म्हणजे नवं यंत्र घेताना स्टिकर नाही, मूळ नेमप्लेट बघा. केव्हीए नको, वॅट आणि बॅटरीचं व्होल्टेज विचारा. आणि शक्य असेल तर आपलाच जनरेटर लावून दाखवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पक्कं बिल नसल्याने हातात फक्त यूपीआयची नोंद आणि '5 केव्हीए' लिहिलेला त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. स्टॅबिलायझरचे पैसे त्याने मुकाट्याने परत केले. इन्व्हर्टरच्या किमतीतल्या फरकावर मात्र अजून गप्प आहे. पंप तोवर थेट जनरेटरवरच चालवतो.