एफसी-१५० पिकअपचे पुनरुज्जीवन: उद्यमनगरातील एका गॅरेजच्या कामाचा आढावा

आमची १९७१ सालची महिंद्रा एफसी-१५० पिकअप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजात सतरा महिने होती आणि गेल्या दिवाळीनंतर ती घरी आली. तेव्हापासून ती अठराशे किलोमीटर चालली असून एक पूर्ण पावसाळाही तिने काढला आहे, त्यामुळे कामाबद्दल आता ठामपणे लिहिता येईल. काही तक्रारी नोंदवायच्या असल्याने गॅरेजचे नाव देत नाही. एवढेच सांगतो की हे गॅरेज नव्या गाड्या घेतच नाही आणि तिथले वडीलधारे मेस्त्री पूर्वी लेथवर काम करणारे आहेत. ही दुसरी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

ही गाडी अनेकांनी पाहिलेली असते, पण नाव ठाऊक नसते. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. जीपच्याच ८१ इंची व्हीलबेसवर चालकाची केबिन पुढच्या चाकांच्या वर आणून बसवली, की मागे हौद्याला चांगली सहा फूट लांबी मिळते, अशी ती साधी युक्ती होती. ब्रूक्स स्टीव्हन्स या अमेरिकी डिझायनरने आखलेली ही गाडी विलिस या जीप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणली. अमेरिकेत तिचे उत्पादन थांबले त्याच सुमारास, म्हणजे १९६५मध्ये, महिंद्राने ती आपल्याकडे बनवायला घेतली. इंजिन चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्या मधोमध एका लोखंडी पेटीखाली असते, त्यामुळे बॉनेट उघडण्याचा प्रश्न येत नाही आणि मेस्त्रीला केबिनमध्येच बसून काम करावे लागते. या रचनेमुळे मजुरीचे तास वाढतात, हे अंदाजपत्रक हातात घेताना लक्षात ठेवावे.

वडिलांनी ही पिकअप १९८३ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून १९९०च्या सुमारास भंगारात निघालेल्या एका जीपचे एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन तिला बसवले आणि आरसी बुकावर तशी रीतसर नोंदही करून घेतली. मूळचे हरिकेन पेट्रोल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात, ओंडक्यांवर, गोणपाटाखाली तीस वर्षे पडून होते. गाडीने ऊस वाहिला, बेणे वाहिले, शेणखत तर इतके वाहिले की हौद्याच्या तळाचा पत्रा चाळणीसारखा झाला. काम द्यायला गेलो तेव्हा पुढचा धुरा सुटा करून ठेवलेला होता आणि चार चाकी जोर लावणारा दांडा केवळ शोभेपुरता उरला होता.

मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारले, "साहेब, गाडी चालवायची हाय का मिरवायची?" चालवायची आहे, पण मूळ इंजिनावर, असे उत्तर दिल्यावर त्यांनी रंगाविषयी एक अक्षरही न बोलता आधी ते गोठ्यातले इंजिन आणायला सांगितले. याआधी मी दोन ठिकाणी चौकशी केली होती. दोन्हीकडे बोलण्याची सुरुवात रंगाच्या कॅटलॉगने झाली होती. येथे ती बोअर गेजने (सिलिंडरची झीज मोजण्याच्या उपकरणाने) झाली, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

इंजिनाच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. हरिकेन हे चार सिलिंडरचे, सुमारे २,२०० सीसीचे इंजिन आहे आणि त्याची ठेवण आजच्या मेकॅनिकला चक्रावून टाकणारी आहे: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. मेस्त्रींनी प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, शिवाय आडवा-उभा असा दोन्ही दिशांनी मोजला आणि आकडे ब्लॉकवरच खडूने लिहून ठेवले. दुसऱ्या सिलिंडरची झीज वरच्या बाजूला अकरा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) निघाली, म्हणून चारही सिलिंडर तीस थाउ वाढवून बोरिंग केले. पिस्टन आधी हातात आल्याशिवाय त्यांनी ब्लॉक बोरिंगला पाठवला नाही. प्रत्येक पिस्टन मोजून, त्याच्या मापाने त्याचा सिलिंडर होन करायचा (आतून घासून अचूक मापात आणायचा), ही त्यांची पद्धत आहे. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचे, अंतर इंजिन थंड असताना इनटेकला अठरा आणि एक्झॉस्टला सोळा थाउ ठेवायचे असते. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूचे झाकण काढून, मॅनिफोल्डखाली हात घालून लावावे लागतात आणि ते त्यांनी मला दोनदा स्वतःच्या हाताने करायला लावले. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते, हे ध्यानात घेऊन त्यांनी पेट्रोल पंपाचा पडदा आणि सर्व होस आपणहून बदलले. हे काम अंदाजपत्रकात नव्हते आणि त्याची मजुरीही त्यांनी लावली नाही.

गिअर बॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांची कथा मात्र लांबली. या गाडीत तीन गिअरचा टी-९० बॉक्स असून त्याला मागून स्पायसर १८ ही ट्रान्स्फर केस, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वाटून देणारी पेटी, जोडलेली असते. तिच्यातील मधला गिअर एका आडव्या शाफ्टवर, सुईसारख्या बारीक रोलरवर फिरतो, आणि गाडी दोन चाकांवर चालत असली तरी सगळा जोर त्याच गिअरमधून जातो. आमच्या शाफ्टवर रोलरच्या जागी नख अडकेल इतकी खाच पडली होती. गॅरेजने बाजारातून आणलेला नवा शाफ्ट बसवला, गाडी चाचणीला काढली, आणि दोनशे किलोमीटरच्या आत घरघर पुन्हा सुरू झाली. उघडून पाहिले तर नव्या शाफ्टवर सालपटे निघाली होती, कारण त्याला पुरेसे पाणी दिलेले नव्हते, म्हणजे पोलाद नीट कठीण केलेले नव्हते. त्यावर मेस्त्रींनी दुसरा तयार शाफ्ट मागवण्याऐवजी ईएन-३५३ पोलादाची कांब आणली, शेजारच्या लेथवर मापात उतरवली, केस हार्डनिंगला (वरचा थर कठीण करायला) पाठवली आणि शेवटी ग्राइंडिंगवर अंतिम माप घेतले. जुना शाफ्ट, बाजारातला शाफ्ट आणि हा नवा असे तिन्ही त्यांनी फडक्यावर शेजारी शेजारी ठेवून, तिन्हींवर एकाच कानशीने ओरखडा काढून दाखवला. बाजारातल्या शाफ्टवर कानस चावली, नव्यावर ती नुसती घसरली. ज्या गावात ओतकाम, लेथ, हार्डनिंग आणि ग्राइंडिंग एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्या गावात जुनी गाडी देण्याचा फायदा काय, हे मला तेव्हा कळले.

तिसऱ्यांदा उघडावे लागले ते मात्र त्यांच्याच चुकीने. टी-९० आणि स्पायसर १८ यांच्या जोडीत गिअर बॉक्समधले ऑइल झिरपून ट्रान्स्फर केसमध्ये उतरणे हा जुना, सर्वांना माहीत असलेला दोष आहे. एकीकडची पातळी घटते, दुसरीकडची वाढते, आणि बाहेर थेंबही न दिसता गिअर बॉक्स कोरडा पडू शकतो. डबल लिप सील (दोन कडांनी ऑइल अडवणारे) बसवण्याचे ठरले होते, पण जोडणी करणाऱ्या पोराने साधे सील घातले. पातळी तपासताना हे माझ्या लक्षात आले, त्यांच्या नव्हे. त्यांनी वाद न घालता दोन दिवसांत सगळे पुन्हा खोलले, तरी अशी गोष्ट गिऱ्हाइकाने शोधून काढावी हे बरोबर नाही.

पुढच्या धुऱ्याचे काम अप्रतिम झाले आहे. किंग पिन म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते तो खिळा. त्याच्या बेअरिंगच्या झाकणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या शिम असतात. त्या कमी-जास्त करून नकल (चाकासह वळणारा सांधा) किती घट्ट फिरावे हे ठरवायचे असते, आणि ते स्प्रिंग काट्याने ओढून मोजतात. बहुतेक ठिकाणी हे 'हाताच्या अंदाजाने' होते. येथे काटा होता आणि डाव्या-उजव्या बाजूचे आकडे वहीत लिहिलेले होते. धुऱ्यातल्या क्राउन या मोठ्या गिअरचे दात ४३ आणि पिनियन या लहान गिअरचे ८, म्हणजे ५.३८चे प्रमाण, हे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही धुऱ्यांत त्यांनी माझ्यासमोर मोजून घेतले. लिलावातल्या गाड्यांना कधी कुठला धुरा जोडलेला असेल याचा भरवसा नसतो, आणि दोन धुऱ्यांची प्रमाणे वेगळी असतील तर चार चाकी जोर लावताच ट्रान्स्फर केसचे वाटोळे होते. ब्रेक चारही चाकांना ड्रमचेच ठेवले आहेत, पाइप नवे तांब्याचे टाकले आहेत आणि गाडी सरळ रेषेत थांबते. पाट्यांना (स्प्रिंगना) बुश नवे घातले, पाने मात्र तीच ठेवली.

आता तक्रारी. पत्र्याचे आणि रंगाचे काम या गॅरेजाने बाहेर दिले आणि तिथेच दर्जा घसरला. सॅण्ड ब्लास्टिंग करताना डाव्या दाराचा पत्रा लाटेसारखा झाला आणि तो सरळ करण्याऐवजी त्यावर लांबी (पुट्टी) भरून दिली. दाराच्या खालच्या भागात चुंबक चिकटत नाही. या पावसाळ्यात तिथे रंगाखाली पहिला फुगा दिसला. हौद्याचा तळ मात्र नव्या जाड पत्र्याचा असून फाळक्याच्या बिजागऱ्या मूळच्याच दुरुस्त करून लावल्या आहेत, आणि ते काम गॅरेजातच झाल्यामुळे चोख आहे. वायरिंगमध्ये जवळजवळ सर्व तारा लाल रंगाच्या वापरल्या आहेत, त्यामुळे उद्या हॉर्न बंद पडला तर तार शोधण्यात सकाळ जाईल. डायनामोऐवजी अल्टरनेटर लावण्याचा त्यांचा सल्ला मी मानला नाही, त्यामुळे आयडलवर दिवे मंद होतात, पण तो माझा हट्ट आहे, त्यांचा दोष नाही.

अंदाजपत्रक साडेचार लाखांचे आणि मुदत नऊ महिन्यांची होती. प्रत्यक्षात पावणेसात लाख आणि सतरा महिने लागले. वाढीव रकमेपैकी निम्म्याहून अधिक रकमेची फोड वहीत स्पष्ट लिहिलेली मिळाली, उरलेली 'किरकोळ' या एका शब्दाखाली आली. फोन उचलण्याची पद्धत नाही, प्रत्यक्ष गेल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. मी दर शनिवारी गेलो. लांबच्या गिऱ्हाइकाला हे जमणार नाही.

कागदपत्रांत हे गॅरेज अजिबात लक्ष घालत नाही. डिझेलवरून पुन्हा पेट्रोल इंजिनावर यायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्या बदलाची नोंद आरटीओत करावी लागते, आणि ही गोष्ट इंजिन बसवण्याआधी कोणीतरी सांगायला हवी होती. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. तिच्यात क्रमांकामध्ये 'व्हीए' ही अक्षरे येतात. परंतु त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठी नेता येते. मला बेणे आणायचे असते, म्हणून मी साधी नोंदणीच पुढे चालू ठेवली.

गाडी चालते कशी, हा खरा प्रश्न. पहिला गिअर सिंक्रोमेशचा (फिरते दात आपोआप जुळवून घेणारा) नसल्यामुळे गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकावा लागतो, एरवी दात वाजतात. कोल्हापूरहून गगनबावड्यापर्यंतचा सुमारे ५५ किलोमीटरचा रस्ता तिने ताशी ५० किलोमीटरच्या आसपास, तक्रार न करता काटला. त्यापुढे वेग नेला तर इंजिनाच्या पेटीतून येणारी ऊब डाव्या मांडीला भाजू लागते. जुलैत रानातली गाडीवाट गुडघाभर चिखलाची झाली होती. पुढचा धुरा जोडला, लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारी जोडणी, टाकली (स्पायसर १८ मध्ये पुढचा धुरा जोडल्याशिवाय लो रेंज पडतच नाही) आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला. या अवस्थेत चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे सुमारे ३७ फेरे होतात. अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता, हौद्यात खताच्या वीस गोण्या असताना, गाडी माणसाच्या चालीने वर चढली. नव्या शाफ्टचा आवाज नव्हता आणि परतल्यावर दोन्हीकडची ऑइलची पातळी जिथल्या तिथे होती.

चकचकीत गाडी हवी असणाऱ्याने या गॅरेजात जाऊ नये. यंत्र मापात हवे असेल, आठवड्यातून एक फेरी मारण्याची तयारी असेल आणि अंदाजपत्रकाच्या दीडपट रक्कम बाजूला काढलेली असेल, तर जरूर जावे, मात्र रंगकाम स्वतंत्रपणे दुसरीकडे ठरवावे आणि सीलचा प्रकार चिठ्ठीवर लिहून घ्यावा. डाव्या दाराचा पत्रा मी मार्चमध्ये इचलकरंजीच्या एका टिंकरकडून बदलून घेणार आहे. टॅपेट पाहायला आणि किंग पिनला ग्रीस भरायला गाडी येत्या शनिवारी उद्यमनगरातच जाईल.