एचआयव्हीबाधित कैद्याचं नैराश्य: समुपदेशक की सोबतचा कैदी?

एचआयव्हीची औषधं रोज आणि आयुष्यभर घ्यावी लागतात. मन खचलं की गोळ्या चुकायला लागतात. म्हणून मन सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे.

प्रशिक्षित समुपदेशकाकडे साधनं असतात. नैराश्य तपासणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न आहेत, शेवटचा थेट मरणाच्या विचारांबद्दल. गरज वाटली तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. गुप्ततेचं बंधन त्याच्यावर २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने घातलंय. पण तो येतो दिवसा, ठरल्या वेळी. कोर्टाची तारीख पुन्हा पुढे गेली, भेटीला कुणी आलं नाही, अशा रात्री बंद बराकीत तो नसतो.

सोबतचा कैदी असतो. तोही एचआयव्हीसह जगत असेल, तर "मलाही आहे, मीही गोळी घेतो" एवढ्यानेच केवढा धीर येतो! धोका मात्र खरा आहे. बातमी फुटली की ताट वेगळं, अंथरूण वेगळं.

माझं मत स्पष्ट आहे: निदान आणि औषध तज्ज्ञांकडेच हवं. रात्रीची सोबत प्रशिक्षण दिलेल्या कैद्याने करावी, तीही रुग्णाच्या संमतीनेच. जीव देण्याची भाषा कानावर आली तर ती पोटात न ठेवता लगेच डॉक्टरांना सांगायची, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवावं.